खेळण्यांची झीज : दोष की दागिना?

जुन्या वस्तूचे काय करावे, या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. घरात विचारावे, तर "कसला हा पसारा, द्या मोडीत" असे उत्तर मिळते. जुन्या वस्तूंच्या बाजारात विचारावे, तर उलट प्रश्न येतो, "वस्तू नव्यासारखी आहे का? मूळचे खोके आहे का?" वरवर पाहता पहिल्याला जुने नको आहे आणि दुसऱ्याला हवे आहे. पण जरा खोलात गेले की दोघांचे एका बाबतीत एकमत दिसते. वापराची खूण दोघांनाही नको आहे. माझे म्हणणे या दोघांच्याही विरुद्ध आहे आणि ते मी जुन्या जपानी खेळण्यांच्या उदाहरणावरून मांडणार आहे.

जपानी खेळणीच का? कारण स्वस्त आणि तकलादू म्हणून ज्यांना एके काळी नाके मुरडली गेली, तीच आज काचेच्या कपाटात जाऊन बसली आहेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी 'जपानी माल' हे शब्द कौतुकाने उच्चारले जात नसत. त्या काळच्या जपानी बाहुल्या सेल्युलॉइडच्या असत. सेल्युलॉइड करायला कापूर लागतो, आणि कापराची झाडे असलेले तैवान बेट १८९५ ते १९४५ जपानच्या ताब्यात होते. त्यामुळे हा धंदा तिथे फोफावला. युद्धात जपान बेचिराख झाला. कच्चा माल उरला नाही. तरीही १९४५ सालच्या अखेरीस ओत्सु या गावी कोसुगे मात्सुझो नावाच्या कारागिराने अमेरिकन सैन्याने फेकून दिलेल्या डब्यांच्या पत्र्यातून एक चिमुकली जीपगाडी घडवली. जेत्यांचीच गाडी आणि जेत्यांचाच कचरा! १९४७ ते १९५२ या काळात परदेशी जाणाऱ्या जपानी मालावर 'व्याप्त जपानमध्ये बनविलेले' असा छाप असे. पुढे १९८६ साली तेरुहिसा किताहारा या संग्राहकाने योकोहामा येथे पत्र्याच्या खेळण्यांचे संग्रहालयच उघडले. कचऱ्यातून कपाटात, असा हा प्रवास चाळीस वर्षांचा आहे.

या कपाटात प्रवेश कोणाला मिळतो, हा खरा प्रश्न आहे. परदेशी संग्राहक खेळण्यांना परीक्षेसारखे गुण देतात. सी-१ म्हणजे भंगार आणि सी-१० म्हणजे कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले. खोके शाबूत असेल तर किंमत आणखी चढते. याला एक तांत्रिक कारणही आहे. पत्र्याच्या खेळण्यावर रंग मागाहून दिलेला नसतो. सपाट पत्र्यावर आधी चित्र छापतात, मग तो कापून साच्यात दाबतात आणि पत्र्याच्याच बारीक जिभल्या खाचेत घालून, वाकवून भाग जोडतात. म्हणजे रंग हा पत्र्यावरचा पातळसा पापुद्रा असतो. तो एकदा ओरखडला की पुन्हा भरता येत नाही. जिभल्या दोन-चार वेळा उघडल्या की तुटतात. म्हणून न खेळलेले खेळणे दुर्मीळ आणि दुर्मीळ म्हणून महाग. बाजाराचा हिशेब बाजारापुरता चोख आहे.

पण मित्रहो, न खेळलेले खेळणे याचा अर्थ तरी काय? ज्या वस्तूचा जन्म मुलाच्या हातात जाण्यासाठी झाला, ती पन्नास वर्षे खोक्यात पडून राहिली. न वाजवलेली सतार आणि न वाचलेले पुस्तक जितके धन्य, तितकेच तेही धन्य! आपण कलाशाखेचे विद्यार्थी. पाने न फाडलेली कादंबरी सुरेख दिसते म्हणून तिला पहिला क्रमांक देणाऱ्याला आपण वाचक म्हणू का?

माझ्या आजोळी, सांगलीला, एक पत्र्याची मोटार आहे. आजोबांच्या लहानपणी ती मुंबईहून आली. तिच्या तळाशी 'जपान' एवढेच शब्द वाचता येतात. टपावरचा तांबडा रंग अगदी मध्यावर गेला आहे, कारण तिथे बोटे ठेवून तिला ढकलत. चावी लवकर बिघडली असावी. पुढचे डावे चाक उजव्यापेक्षा जास्त झिजले आहे. वाड्याच्या ओसरीवर ती एकाच बाजूला गोल गोल फिरवली जाई, असे आजी सांगते. मागच्या खिडकीत छापलेल्या बाईचा चेहरा मात्र अजून ताजा आहे, कारण तिथे कोणाचा हात पोचलाच नाही. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने ही मोटार पाहून ओठ काढले आणि किंमत सांगितली ती पत्र्याच्या वजनाला शोभेल अशी. त्याच्या दृष्टीने तो बरोबर होता. माझ्या दृष्टीने त्या मोटारीवर एका मुलाचे अख्खे बालपण लिहिलेले आहे आणि ते वाचता येते.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे 'जुने ते सोने' या घासून गुळगुळीत झालेल्या म्हणीवर जाऊन बसेल. झीज वेगळी, मोडतोड वेगळी आणि कूज त्याहून वेगळी. झीज हाताने होते, हळूहळू होते आणि जिथे हात लागतो तिथेच होते. मोडतोड एका क्षणाची असते. कूज तर निष्काळजीपणाची असते. ओल्या कोठीत गंजलेला पत्रा काही कोणाच्या खेळाची आठवण सांगत नाही. तो एवढेच सांगतो की मला कोणी विचारले नाही. संग्राहक या तिघींना एकाच तागडीत घालतो आणि सर्वांचे सारखेच गुण कापतो. माझा विरोध आहे तो या सरसकटपणाला.

गंमत अशी की, झिजेचे सौंदर्य ओळखण्याचा धडा खुद्द जपानी परंपरेतच आहे. नेगोरो नावाचे लाखकाम तिथे प्रसिद्ध आहे. आत काळी लाख आणि वर तांबडी. नेगोरो येथील बौद्ध मठाच्या नावावरून हे नाव पडले. तो मठ १५८५ साली हिदेयोशीच्या स्वारीत जळला. रोजच्या वापराने या भांड्यांच्या कडांवरची तांबडी लाख झिजे आणि खालची काळी डोकावू लागे. पुढे रसिकांना हीच काळी छटा इतकी भावली की नवीन भांडीसुद्धा मुद्दाम तशी घासून करू लागले. कमरपट्ट्याला बटव्याची दोरी अडकवण्यासाठी वापरत त्या कोरीव नेत्सुके गोट्यांचेही तसेच. बोटांनी गुळगुळीत झालेली नेत्सुके जाणकार हौसेने हातात घेतात. मग पत्र्याच्या मोटारीनेच काय घोडे मारले आहे?

इतक्या दूर जायलाही नको. आपल्या मिरजेला चला. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यांची कीर्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. दुरुस्तीला आलेल्या जुन्या तंबोऱ्याचे कारागीर काय करतो? तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात, जवारी बिघडते, आवाज बसतो. ती जवारी तो कानसीने पुन्हा काढतो. भोपळा तडकला असेल तर सांधतो. पण गवयाच्या बोटांनी दांडीवर आलेली झळाळी तो खरवडून काढत नाही. जे वाद्याला गाऊ देत नाही ते दुरुस्त करायचे आणि जो हाताचा ठसा आहे तो राहू द्यायचा. खेळण्यांनाही हाच नियम लावावा, असे माझे मत आहे. चावीची स्प्रिंग बसवा, निखळलेले चाक जोडा, पण टपावरचा उडालेला रंग नव्या डबीतल्या रंगाने झाकू नका. चाक बसवले की मोटार पुन्हा चालते, पण रंग फासला की तिची बोलती बंद होते.

याला एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सगळीच खेळणी झिजली असती, तर मूळचा रंग कसा होता, हे आपल्याला कळले असते का? नसते. न वापरलेला एखादा नमुना संग्रहालयात हवाच. सातारा जिल्ह्यातील औंध येथे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारले, ते चित्रे आणि शिल्पे जशीच्या तशी पुढच्या पिढीला दिसावीत म्हणूनच. पण पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, खेळणी असा जो संसारी संग्रह जमवला आणि आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केला, त्याचे मर्म निराळे आहे. त्या वस्तू लोकांनी हाताळलेल्या आहेत, म्हणून तर त्या बघाव्याशा वाटतात. एक नमुना आदर्शासाठी आणि बाकीच्या माणसांच्या वस्तू माणसांसाठी, एवढी विभागणी पुरेशी आहे.

दुसरा धोका अधिक लबाड आहे. झिजेला भाव आला की खोटी झीज विकायला येते. नवे पितळ रसायनाने काळवंडून 'पेशवेकालीन' म्हणून खपवणारे कमी नाहीत. खरी झीज ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. खरी झीज कडांवर, चावीच्या कानांवर, चाकांवर, म्हणजे जिथे बोट आणि जमीन लागते तिथे असते. खोटी झीज सगळीकडे सारखी असते. ज्याला खेळाचा अनुभव नाही, त्याला कुठे झिजवायचे हेच समजत नाही!

मला ही सगळी चर्चा केवळ रसिकतेची वाटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यांवर चिखलाने माखलेल्या संसाराचे ढीग पडले. गाद्या, कपाटे, वह्या आणि त्यांतच कोणाची लाकडी ठकी, कोणाची पितळी भातुकली. साताऱ्यात पूर आला नाही तरी वाडे पडताहेत, माड्या रिकाम्या होताहेत आणि भातुकलीची चूल-बोळकी वजनावर मोडीत जाताहेत. काय ठेवावे आणि काय टाकावे, हा निर्णय अशा वेळी घाईने घ्यावा लागतो. 'नव्यासारखे असेल तेच ठेवा' हा बाजाराचा नियम आपण घरात आणला, तर सर्वांत आधी बाहेर जाईल ती सर्वांत जास्त खेळली गेलेली वस्तू.

म्हणून दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. पत्र्याचे खेळणे भिजले तर मऊ फडक्याने टिपून लगेच वाळवावे. आपल्या सवयीप्रमाणे त्याला चिंच किंवा राख लावू नये. पितळेला ती चालते, पण छापील पत्र्यावरचे चित्रच तिने निघून जाते. सेल्युलॉइडची बाहुली निरांजनाजवळ कधीही ठेवू नये. आरतीच्या तबकातला कापूर तिच्याही अंगात आहे आणि ती तशीच भडकते. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा अशी खेळणी तान्ह्या बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते कोणाचे, कुठून आले, कसे मोडले, हे एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. झीज बोलते खरी, पण तिची भाषा जाणणारी आजी नेहमीच शेजारी नसते.

दिवाळीत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घरोघरी मुले मातीचे किल्ले करतात. त्यांतल्या मावळ्यांत एखादा तलवार मोडलेला, नाकाचा टवका गेलेला मावळा दर वर्षी निघतोच. नवे मावळे आणले तरी त्याला कोणी टाकत नाही, मुले त्याला हटकून महादरवाजावर उभा करतात. मूल्यमापनाची ही पद्धत मला सी-१ ते सी-१० पेक्षा शहाणपणाची वाटते. आपल्या महाविद्यालयाच्या पुढील स्नेहसंमेलनात रांगोळी व चित्रप्रदर्शनाच्या जोडीला एक टेबल जुन्या, खेळून झिजलेल्या खेळण्यांसाठी मांडावे, अशी माझी प्राध्यापक-वर्गाला व विद्यार्थी-मित्रांना विनंती आहे. प्रत्येकाने घरून एक खेळणे आणावे आणि सोबत त्याची चिठ्ठी. खोके नसले तरी चालेल.