गिलबोवाचें फूल

शौल व योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर पडले, तेव्हां शोकाकुल दावीदानें त्या डोंगरास शाप दिला, ही कथा आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. इस्राएलांत इज्रेल खोऱ्याच्या कडेस सुमारें 500 मीटर उंचीचा तो डोंगर आजही उभा आहे. आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत त्याच्या खडकाळ उतारांवर आयरिस जातीचें एक दुर्मिळ रानफूल उमलतें. एका दांड्यावर एकच फूल. रंग गडद जांभळा. हा डोंगर व आसपासचा थोडका मुलूख, एवढेंच त्याचें घर.

या फुलांत मध नसतो. तरीही एकेकट्या राहणाऱ्या रानमाश्यांतील नर सायंकाळीं त्याच्या पाकळ्यांच्या पोकळींत शिरून रात्र काढतात. गडद रंगामुळें सकाळच्या उन्हांत फूल लवकर तापतें, व पाहुणा ऊब घेऊन उडतो. मुक्काम शोधीत तो फुलाफुलांतून फिरतो, तेणेंकरून पराग एका झुबक्यापासून दुसऱ्या झुबक्यापर्यंत पोंचतात. कारण स्वतःच्याच परागानें या झाडास बीज धरत नाहीं. म्हणून जो हें फूल तोडतो, तो एका प्रवाशाची धर्मशाळा मोडतो आणि उद्यांचें बीजही नेतो.

त्या देशांत रानफुलांच्या जुड्या बांधून घरीं नेण्याची हौस फार होती. 1963 सालीं निसर्गरक्षणाचा कायदा झाला. परंतु केवळ कायद्यानें हात आवरत नाहींत. शाळाशाळांतून मुलांस शिकविलें कीं, फुलें पाहावीं, तोडूं नयेत. आणि मुलांनींच वडील माणसांस थांबविलें. हा विजय शिपायाचा नव्हे, शाळेचा होय.

कोणी म्हणतील, देवानें फुलें मनुष्यासाठींच निर्मिलीं. मग तोडण्यांत दोष कोणता? परंतु आदामास बागेंत ठेविलें तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं, हें आपण विसरतों. राखणदारानेंच बाग ओरबाडली, तर धन्यास काय उत्तर द्यावें?

आपल्या सहलींतूनही मुलें ओंजळी भरभरून रानफुलें आणतात, तीं शाळेच्या फाटकाशीं येईपर्यंत माना टाकतात. आणि आम्हीं शिक्षकांनीं त्याचें कौतुकच केलें आहे, हें कबूल केलें पाहिजे. विद्यार्थिमित्रहो, पुढील सहलीहून आपण सारेच रिकाम्या हातांनीं परत येऊं. पालकांनींही घरीं आलेल्या मुलास "काय आणलेंस?" असें न विचारतां "काय पाहिलेंस?" असें विचारावें.