पटावरून शाळेची पारख करू नका

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


जेम्स टूली या ब्रिटिश अभ्यासकाने २००० साली हैदराबादच्या जुन्या शहरात कमी फीच्या खासगी शाळा पाहिल्या. शिक्षक वर्गावर हजर होते, गरीब पालक पदरमोड करून फी भरत होते. २००९च्या ‘द ब्युटिफुल ट्री’ या पुस्तकात त्यांनी या शाळांची जोरदार बाजू मांडली. त्यांनी पाहिले ते खरेच होते. पण खासगी शाळेत मूल जास्त शिकते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीत खासगी शाळांतली मुले वाचनात पुढे दिसतात हेही खरे, मात्र त्या मुलांच्या घरी फीला पैसे असतात, बहुधा शिकलेली आई असते, शिकवणी असते. हा फरक शाळेच्या खात्यावर जमा करता येत नाही. तो बाजूला काढण्याचा नेटका प्रयत्न कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ग्रामीण आंध्रात केला. चिठ्ठ्या टाकून काही सरकारी शाळांतल्या मुलांना खासगी शाळेची फी दिली गेली. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात फी मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत फरक उरला नाही. खासगीतली मुले ठळकपणे पुढे होती ती हिंदीत.

याच अभ्यासात खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहूनही कमी निघाला, तेलुगू-गणिताला या शाळा वेळही कमी देत होत्या. मग स्वस्त तेच का नको, हा आक्षेप वजनदार आहे. पण ही स्वस्ताई मुख्यतः शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून येते. शिवाय फीवर चालणारी शाळा जिथे पुरेशी मुले आहेत तिथेच निघते. बारा पोरांच्या पाड्यावर ती जाणार नाही. तिथे जिल्हा परिषदेचीच शाळा असते, आणि सप्टेंबर २०२३मध्ये आपल्या विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळां’त नेण्याचे प्रस्ताव मागवले ते नेमके अशाच शाळांसाठी. लहान शाळेत मुलांना सवंगडी आणि सोयी मिळत नाहीत, हे कारण पोकळ नाही. पण पाड्यापासून दूर गेलेल्या शाळेत पहिलीतली मुलगी ओढा ओलांडून रोज पोहोचेल का, हा प्रश्न सोयींच्या आधी येतो. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हे नियमात त्यासाठीच आहे.

पालकच सरकारी शाळा सोडतात, त्याला काय करणार, असेही म्हटले जाते. त्यांना इंग्रजी हवे आहे आणि मास्तर वर्गावर हवा आहे. ही मागणी रास्त आहे. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदार याद्या घेऊन घरोघर फिरतात, तेव्हा दुसऱ्या बाई चार वर्ग एका खोलीत बसवून त्यातच पोषण आहाराची नोंद भरतात. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीच्या कामाला मुभा देते, पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. त्या वर्गाची तुलना दिवसभर शिक्षक असलेल्या खासगी वर्गाशी करून पटाचा दोष शाळेला देणे अन्यायाचे आहे.

म्हणून मागणी अशी: कमी पटाच्या प्रत्येक शाळेतली रिक्त पदे आधी भरावीत, तिथल्या शिक्षकांना बीएलओच्या कामातून सोडवावे, पालक मागतील तिथे सेमी-इंग्रजी द्यावे. एवढे करून दोन पूर्ण शैक्षणिक वर्षे जाईपर्यंत एकही शाळा समूहात नेऊ नये. त्यानंतर ती हलवायचीच असेल, तर निर्णय त्या पाड्याच्या ग्रामसभेपुढे ठेवावा.

कळावे,
एक नागरिक