‘भागीदार’ कुंभार

दिल्लीच्या उत्तमनगरातील कुंभारवस्तीचा माल ऑनलाइन व्यापारी घाऊक उचलतो, तेव्हा दलाल नाहीसा होत नाही. तो संगणकाआड जाऊन बसतो. भाव तोच ठरवतो, वाटेत फुटलेली पणती मात्र कुंभाराच्या माथी! अशा कारागिराला ‘भागीदार’ म्हणणारा शब्दकोश आम्हा भाषांतरकारांना अद्याप गवसलेला नाही. १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटात तो निदान गिऱ्हाइकाला स्वतः भाव सांगतो.

२००६ च्या लघुउद्योगविषयक कायद्याने नोंदणीकृत लघुउत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते झाले पाहिजेत. विलंबास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. परंतु एकटा कुंभार दाद मागेल, तर पुढची मागणी शेजाऱ्याकडे जाईल. हाच कायदा लघुउत्पादकांचा माल विकणाऱ्या सहकारी संस्थेलाही पुरवठादार मानतो. तेव्हा वस्तीने संस्था उभारावी, आणि बिल व तक्रार दोन्ही तिच्याच नावे जावीत.