विश्लेषण : मॅचच्या रात्रीचं ‘संत्रा व्हिस्की सावर’ खरंच हलकं असतं का? चव, गणित आणि कायदा समजून घ्या

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. पावसामुळे उशिरा सुरू झालेला सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला. अशा मोठ्या सामन्यांच्या रात्री पार्ट्यांमध्ये कॉकटेल आलेच. त्यातले ‘संत्रा घातलेले व्हिस्की सावर’ हलके समजले जाते. हा समज कितपत खरा?

हे कॉकटेल नेमके काय आहे?

व्हिस्की, लिंबाचा रस आणि साखर, इतकाच मूळ ‘व्हिस्की सावर’चा साचा. अमेरिकी बारटेंडर जेरी थॉमस यांच्या १८६२ च्या पुस्तकातही ‘सावर’ प्रकारची पेये आढळतात. संत्र्याचा रस घातला की चव गोड आणि मवाळ होते. लिंबात सायट्रिक आम्ल साधारण ५ ते ६ टक्के, तर संत्र्यात १ टक्क्याच्या आसपास असते. त्यामुळे संत्रे घातले तरी आंबटपणासाठी लिंबू लागतेच.

मग ते हलके का वाटते?

गोड-आंबट चवीमुळे मद्याचा कडवटपणा आणि घशातली जळजळ झाकली जाते. पण रसाने मद्य फक्त पातळ होते, कमी होत नाही. भारतीय व्हिस्कीत अल्कोहोलचे प्रमाण सहसा ४२.८ टक्के असते. म्हणजे ६० मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ग्लास मोठा असो वा लहान, आकडा तोच. उलट चव गोड असल्याने ग्लास लवकर संपतो.

गाडी चालवता येईल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ढोबळ हिशेबाने ७० किलो वजनाच्या पुरुषाने एक लार्ज पेग पटकन घेतला तर हे प्रमाण ४० च्या आसपास जाऊ शकते. वजन कमी असेल किंवा पोट रिकामे असेल तर आणखी वर. महिलांमध्ये ते साधारणपणे जास्त असते. थोडक्यात, एकच ग्लास मर्यादा ओलांडायला पुरेसा ठरू शकतो. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कॉफी प्यायली, अंघोळ केली, तर उतरते का?

नाही. यकृत आपल्याच गतीने काम करते. रक्तातले प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. त्यामुळे रात्री उशिरापर्यंत प्यायलेल्याचा परिणाम सकाळी ऑफिसला निघतानाही शिल्लक असू शकतो.

महाराष्ट्रात कोणाला परवानगी?

व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षे आहे. दारूबंदी कायद्यानुसार मद्यसेवनाचा परवानाही लागतो. घरच्या पार्टीत २२ वर्षांच्या मित्राच्या हाती ग्लास देणे ‘फक्त कॉकटेल’ म्हणून नियमात बसत नाही.

दर का वाढले?

राज्य सरकारने जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क घोषित उत्पादन खर्चाच्या ३ पटींवरून ४.५ पट केले. याच्या निषेधार्थ १४ जुलैला बारचालकांनी बंदही पाळला होता.

पर्याय काय?

संत्र्याचा रस, लिंबू, सोडा आणि चिमूटभर मीठ. चव जवळपास तीच, आणि गाडीची किल्ली हातात ठेवता येते. ज्यांना पेगच घ्यायचा आहे, त्यांनी पहिला ग्लास भरण्याआधीच घरी परतण्याची सोय ठरवलेली बरी.