अकुशल कोण?



सप्टेंबर २०२१ आठवतो? मिल्टन कीन्सचे पेट्रोलपंप कोरडे पडले आणि आपण गाड्या घेऊन रांगेत उभे होतो. सरकारने घाईघाईने परदेशी लॉरीचालकांना ५००० तात्पुरते व्हिसा देऊ केले. तात्पुरतेच, कारण 'कुशल कामगार' व्हिसात हे काम बसतच नाही!

हे 'अकुशल' काम करायला काय लागते? वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, रस्त्यावरचे धोके ओळखण्याची चाचणी, प्रत्यक्ष लॉरीवरची परीक्षा; शिवाय २००९पासून सीपीसी, म्हणजे दर ५ वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण. माझ्या पीएचडीची अशी फेरतपासणी कुणी कधी मागितलेली नाही.

खर्च हजारो पौंडांचा, आणि बरेचदा शिकणाऱ्याच्याच खिशातून. सरकारी खर्चाने शिकवणारे बूटकॅम्प निघाले तेही टंचाई दारात आल्यावर. एम-१लगतची गोदामे ज्यांच्या मालाने भरतात, त्या कंपन्यांनी हा खर्च कायमचा का उचलू नये? ही मागणी आपण खासदारांकडे करायला हवी.

पण आधी घरात पाहू. मुलगी 'लॉरी चालवायला शिकते' म्हणाली, तर किती घरांत सुतक पडेल? हातांनी काम करणारा खालचा, ही समजूत आपण सामानासोबत बांधून आणली आहे. ती कधी टाकणार?