विश्लेषण : रेल्वेने घडवलेल्या भुसावळला नव्या रुळांमुळे काय मिळणार?

भुसावळच्या तिन्ही दिशांना आता जादा रूळ पडणार आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मनमाड-जळगाव चौथी (१६० किमी) आणि भुसावळ-खंडवा तिसरी व चौथी मार्गिका (१३१ किमी) मंजूर केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्धा-भुसावळ तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेलाही (३१४ किमी) हिरवा कंदील मिळाला. ज्या गावाला रेल्वेनेच शहर केले, त्याच्या पदरात यातून काय पडेल?

भुसावळच का?

रेल्वे येण्यापूर्वी भुसावळ हे तापीजवळचे लहानसे खेडे होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६० च्या दशकात इथून दोन फाटे काढले. एक १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. दुसरा मार्च १८७० मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाला आणि मुंबई-कोलकाता जोडली गेली.

शहर कसे वाढले?

वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी आणि कोळसा लागे. त्यामुळे भुसावळला लोको शेड, यार्ड, कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स आणि मागोमाग बाजारपेठ उभी राहिली. आज इथे मध्य रेल्वेचे विभागीय कार्यालय, विद्युत इंजिन कारखाना आणि क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आहे. रावेर, सावद्याची केळी रेल्वेनेच उत्तरेत पोहोचली.

मग अडचण कुठे?

विजेवरच्या इंजिनाला पाणी-कोळशासाठी थांबावे लागत नाही. म्हणजे ज्या गरजेपोटी शहर वसले, ती गरजच संपली. २०११ च्या जनगणनेत भुसावळची लोकसंख्या होती सुमारे १ लाख ८७ हजार, तर जेमतेम २५ किमीवरच्या जळगावची ४ लाख ६० हजार. जळगावला महापालिका झाली, भुसावळ नगरपालिकाच राहिले.

नव्या मार्गिकांनी काय बदलेल?

आज एक्स्प्रेस पुढे काढण्यासाठी मालगाडी बाजूला उभी करावी लागते. जादा रुळांमुळे ही कोंडी फुटेल, गाड्या वेळेवर धावतील. पण हा फायदा आधी मार्गाचा, मग शहराचा. न थांबता गेलेली गाडी भुसावळच्या बाजारात एक रुपयाही सोडत नाही.

म्हणून लक्ष ठेवायचे ते तीन गोष्टींवर : इंजिन-डब्यांच्या देखभालीचे काम इथे वाढते का, केळीला वेळेवर वॅगन मिळतात का आणि आसपासच्या गावांसाठी जादा पॅसेंजर गाड्या सुटतात का. भुसावळच्या तरुणांना गावातच काम मिळणार का, याचे उत्तर यातच आहे.