गाडी निम्म्या किमतीत, खर्च मात्र पूर्ण



या सदरात आम्ही घरखर्च, मुलांचे शिक्षण आणि लग्नकार्य यांवर लिहीत आलो आहोत. यावेळचा विषय वरवर तरुण मुलांचा आहे, पण त्याचे बिल सगळे घर भरते. विषय आहे जुनी वेगवान गाडी, आणि ती विकून तिच्यापेक्षा स्वस्त पण चपळ अशी छोटी गाडी घेण्याचा निर्णय.

सोलापुरात संध्याकाळी विजापूर रोडला किंवा होटगी रोडला उभे राहिले की नव्या चालीची कल्पना येते. नवी असताना वडिलांच्याही आवाक्यात नव्हती अशी गाडी आज पंचविशीतला मुलगा चालवतो. पुणे, मुंबई, हैदराबादकडून पाच-सहा वर्षे वापरलेली गाडी येते, तीही चकचकीत. किंमत ऐकून घरचे म्हणतात, एवढ्या पैशात एवढी मोठी गाडी, सौदा वाईट नाही. सौदा खरोखर वाईट नसतो. हिशेब मात्र तिथे सुरू होतो, संपत नाही.

आमच्या एका भाच्याचे उदाहरण सांगतो. वय एकोणतीस, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वडिलांबरोबर टॉवेलचा छोटा कारखाना पाहतो. गाड्यांचा शौक लहानपणापासून. २०२२ मध्ये त्याने स्वतःच्या कमाईतून, कर्ज न काढता, २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस १९ लाखांना घेतली. ही गाडी २०१७ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची शोरूम किंमत साडेचोवीस लाखांवर होती. दोन लिटरचे टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती. घरातल्या पाच जणांना आणि चार बॅगांना पुरेल अशी जागा, आणि पाय दाबला की पाठ सीटला चिकटेल असा जोर. गाडी उत्तम होती आणि त्याने ती जपलीही. त्याबद्दल तक्रार नाही.

पण जुन्या महाग गाडीचा एक नियम आहे. तिची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. ब्रेकची डिस्क, रुंद टायर, गिअरबॉक्सचे तेल, सस्पेन्शनचे भाग यांना गाडी तुम्ही केवढ्याला घेतली हे माहीत नसते. त्यांचे दर पंचवीस लाखांच्या गाडीचे असतात. साधी ऑक्टाव्हिया आपल्या औरंगाबादजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत जोडली जायची, म्हणून तिचे नेहमीचे भाग तरी मिळतात. आरएसचे खास भाग बहुतेक वेळा मागवावे लागतात. मग गाडी गॅरेजात आणि भाचा रिक्षात.

भाच्याची एक सवय आम्हाला आवडते. तो वही ठेवतो. त्या वहीत शेवटच्या वर्षाचा गॅरेज आणि टायरचा खर्च १,१२,००० रुपये होता. चारही टायर त्याच वर्षी बदलले होते, म्हणून आकडा फुगलेला आहे, हे मान्य. पण दरवर्षी काही ना काही फुगतेच.

२०२४ च्या पावसाळ्याच्या शेवटी त्याच्या धाकट्या बहिणीचा बी.फार्मसीचा प्रवेश झाला. फी, होस्टेल, पुस्तके. कारखान्यात त्या वेळी सुताचे पैसे अडकलेले. बँकेचे शैक्षणिक कर्ज मिळाले असते, पण व्याजाच्या पैशाला हात लावायचा नाही असा दूल्हेभाईंचा आयुष्यभराचा नेम. जमीन विकायची नव्हती, दागिने मोडायचे नव्हते. पोर्चमध्ये मात्र पंधरा-सोळा लाख रुपये उभे होते. कोणी तोंडाने म्हणाले नाही, पण सगळ्यांची नजर तिकडे गेली.

भाचा आमच्याकडे आला तेव्हा त्याला पैशांची काळजी नव्हती. तो म्हणाला, “मामू, गाडी बेच देता मैं. लेकिन लोगां क्या बोलेंगे? धंदा बैठा बोलेंगे.” ही भीती आम्ही हसण्यावारी नेली नाही. सोलापूरसारख्या शहरात माणसाची पत गाडीवरून मोजतात आणि बाजारात उधारी पतीवर चालते. मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसणे म्हणजे उतरती कळा, असे मानणारे लोक आहेत. आम्ही त्याला एवढेच विचारले, की तुला गाडीत आवडते काय? लोकांनी बघणे, की स्वतः चालवणे? तो म्हणाला, चालवणे. मग उत्तर सोपे होते.

कारण चालवण्याची मजा असलेली स्वस्त गाडी ही काही नवी गोष्ट नाही. १९७६ मध्ये जर्मनीत फोक्सवॅगनने आपल्या साध्या गोल्फ गाडीत ११० अश्वशक्तीचे इंजिन बसवले आणि तिला जीटीआय नाव दिले. घरगुती हॅचबॅक, मागे सामानाचे दार, मुले शाळेत सोडता येतील, आणि रविवारी घाटात मनसोक्त चालवता येईल. अशा गाड्यांना पुढे हॉट हॅच म्हणू लागले. त्यामागचा विचार हाच होता की शौकासाठी वेगळी महाग गाडी ठेवायला लागू नये.

आपल्याकडे खरी जीटीआय आजही लाखमोलाची आहे. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आली ती ५३ लाखांना. पण त्याच विचाराच्या लहान गाड्या इथे बनल्या, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या महाराष्ट्रात. फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून आली, १४५ अश्वशक्ती आणि किंमत दहा लाखांच्या आत. फोक्सवॅगन पोलो पुण्याजवळ चाकणला २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत बनली. मारुतीची बलेनो आरएस २०१७ मध्ये आली, १०२ अश्वशक्तीची. ह्युंदाईची आय२० एन लाइन २०२१ ची आणि टाटांची अल्ट्रोझ रेसर जून २०२४ ची, दोन्ही १२० अश्वशक्तीच्या.

भाच्याने दोन महिने पाहणी केली. अबार्थ त्याला मनापासून आवडली, पण फियाटने इथे मोटारी विकणेच थांबवले आहे, तेव्हा सुट्या भागांचा शोध पुन्हा आलाच. बलेनो आरएस सांभाळायला सगळ्यात स्वस्त, पण त्याला जोर कमी वाटला. नव्या रेसरसाठी दहा लाखांच्या पुढे जावे लागत होते. शेवटी त्याने २०२१ ची पोलो घेतली, एक लिटरचे टीएसआय टर्बो इंजिन, ११० अश्वशक्ती, हाताने बदलायचे सहा गिअर. किंमत आठ लाख.

पोलो घेणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. २०१३ मध्ये आलेल्या जीटी टीएसआयला १.२ लिटर इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स होता. त्याचे क्लच कोरडे असतात, गर्दीत रांगत चालवले की तापतात, आणि दुरुस्ती महाग असते. २०२० नंतरच्या एक लिटरच्या गाडीत सहा गिअरचा मॅन्युअल किंवा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे. घरात सगळ्यांनी चालवायची असेल तर ही दुसरी बरी.

आता हिशेब. महिन्याला हजार किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. आरएस त्याला गावात-हायवेवर मिळून दहाचा ॲव्हरेज द्यायची, म्हणजे १०,५०० रुपये. पोलो पंधराचा देते, म्हणजे ७,००० रुपये. वर्षाला ४२,००० रुपये वाचले. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दराने १५०० सीसीच्या वरच्या गाडीला ७,८९७ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १००० सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४ रुपये, जीएसटी वेगळा. पोलोचे इंजिन ९९९ सीसीचे, म्हणजे इथे आणखी ५,८०० रुपये कमी. गॅरेज आणि टायरचा पोलोचा पहिल्या वर्षाचा खर्च वहीत ३१,००० रुपये आहे. तिन्ही मिळून वर्षाचा फरक सव्वा लाखावर जातो. टायर दरवर्षी लागत नाहीत म्हणून तो लाखभर धरा. म्हणजे महिन्याला आठ हजारांवर.

आणि मूळ रक्कम वेगळीच. आरएस साडेपंधरा लाखांना गेली, पोलो आठ लाखांना आली. साडेसात लाख हाती राहिले. त्यातून चार वर्षांची फी आणि होस्टेलचे पैसे बाजूला काढले, उरलेल्यातून कारखान्याचे सूत आले. कर्ज काढावे लागले नाही.

गमावले काय? २३० मधून ११० वजा केले तर १२० अश्वशक्ती गेली. मागच्या सीटवर तिघे अवघडून बसतात. लग्नाला जाताना सामान दोन गाड्यांत न्यावे लागते. हायवेवर दोन ट्रकांना एका दमात मागे टाकता येत नाही, आधी जागा पाहावी लागते. पण चारपदरी महामार्गावर केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. सोलापूरहून मोहोळ, टेंभुर्णीकडे जाताना पोलो तिथवर सहज पोहोचते. वरची अश्वशक्ती वापरायची तर कायदा मोडावा लागतो, आणि रस्त्यावर म्हशी, ट्रॅक्टर आणि उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली असताना ती वापरूही नये. भाचा म्हणतो, आरएसमध्ये दुसऱ्या गिअरमध्येच मजा संपायची, पोलोत तिसऱ्या-चौथ्यापर्यंत टिकते.

आरएस विकताना त्याने जे केले ते आम्हाला सर्वांत जास्त आवडले. एका कागदावर गाडीचे सगळे ऐब लिहिले. पुढचा बंपर रंगवलेला आहे, एसीचा कॉम्प्रेसर बदललेला आहे, गिअरबॉक्सचे तेल बदलायची वेळ जवळ आली आहे. कागद गिऱ्हाइकाच्या हातात दिला. गिऱ्हाईक पुण्याचे होते. त्यांनी पंचवीस हजार कमी केले आणि गाडी नेली. माल विकताना दोष सांगावा, ही शिकवण आपल्याकडे मुलांना लहानपणीच मिळते. ती वापरायची वेळ अशीच येते, जेव्हा खरे बोलण्याची किंमत रोख पंचवीस हजार असते.

कागदपत्रांकडे मात्र बरीच घरे दुर्लक्ष करतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गाडी विकली की फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलून घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते. गाडी कर्नाटकात किंवा तेलंगणात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. आधी कर्ज असेल तर फॉर्म ३५ ने बँकेचा बोजा उतरवून घ्या. नाव बदलले नाही आणि नव्या मालकाच्या हातून अपघात झाला, तर भरपाईसाठी आरसीवर ज्याचे नाव त्यालाच मालक धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार यांच्या खटल्यात हेच सांगितले. त्यामुळे “ओळखीचा आहे, करेल नंतर” यावर विसंबू नका.

विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून त्याचे पत्र घ्या आणि पुढच्या गाडीच्या विम्याला लावा. विकत घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. फास्टॅग बंद करा, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का आणि जुने चलान थकले आहे का, तेही बघून घ्या.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एक बदल. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला. आय२० एन लाइन आणि अल्ट्रोझ रेसर दोन्ही या मापात बसतात. भाच्याने गाडी घेतली तेव्हा हा दर नव्हता. नवी छोटी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायला हवा. जुन्या गाडीचा सौदा करताना हे बोलून दाखवा.

शेवटी आयांसाठी आणि वडिलांसाठी. छोटी गाडी आली म्हणून धाकट्याच्या हाती किल्ली देऊ नका. अठराच्या आतल्या मुलाने गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ११० अश्वशक्तीही सोळा वर्षांच्या मुलासाठी पुष्कळ झाली.

घरात मोठी जुनी गाडी असेल तर या महिन्यात एका कागदावर चार आकडे लिहा: आज ती केवढ्याला जाईल, वर्षाचे पेट्रोल, वर्षाचा विमा, वर्षाचे गॅरेज. जेवणानंतर तो कागद सगळ्यांसमोर ठेवा, मुलींसमोरही. गाडी ठेवायची की बदलायची हे मग घरानेच ठरवावे. ठेवायची ठरली तरी हरकत नाही, खर्च माहीत असून ठेवली असेल. भाच्याच्या घरी हा कागद बहिणीने लिहिला होता. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे, आणि सुट्टीला आली की पोलो तीच चालवते.